चीनहून यंत्र मागवले आहे. उरलेली रक्कम कधी आणि कोणाच्या हाती द्यावी?

वाचकाचे पत्र

स.न.वि.वि.

आम्ही निपाणीचे. वडिलांचा तंबाखूचा व्यापार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, म्हणून मी आणि धाकट्या भावाने कागदी पिशव्यांचा कारखाना काढायचे ठरवले आहे. चीनमधील वेन्झोऊ भागातल्या एका कारखान्याकडून पिशव्या बनवण्याचे यंत्र ३८,००० डॉलरला, निंगबो बंदरापर्यंत पोहोचवण्याच्या म्हणजे एफओबी अटीवर ठरले. ३० टक्के म्हणजे ११,४०० डॉलर आम्ही जूनमध्ये बँकेतून पाठवले. आता यंत्र तयार झाल्याचा निरोप आणि फोटो आले आहेत. माल निघण्यापूर्वी उरलेले २६,६०० डॉलर भरा असे ते म्हणतात. दोन दिवसांनी दुसरा मेल आला. जुन्या खात्याचे लेखापरीक्षण चालू असल्यामुळे रक्कम हाँगकाँगमधील नव्या खात्यात पाठवावी आणि १ ऑक्टोबरपासून सुट्टी लागत असल्यामुळे घाई करावी, असे त्यात लिहिले आहे. कोल्हापूरचे आमचे एजंट म्हणतात की काळजीचे कारण नाही. उलट बीजक २०,००० डॉलरचे दाखवू, बाकीची रक्कम दुसऱ्या मार्गाने पोहोचवू, म्हणजे ड्युटी वाचेल. मामांचे म्हणणे असे की एल.सी. (बँकेचे पतपत्र) उघडल्याशिवाय यापुढे एक पैसाही सोडू नका. पुढच्या वर्षी छपाईचे यंत्रही घ्यायचे आहे. आम्ही काय करावे?

उत्तर

सर्वांत आधी एवढेच सांगतो: हाँगकाँगच्या त्या खात्यात एक डॉलरही पाठवू नका आणि त्या मेलला उत्तरही देऊ नका. बाकीचा मजकूर सवडीने वाचला तरी चालेल. हे मात्र आजच्या आज भावाला आणि बँकेत जाणाऱ्या आपल्या माणसालाही सांगून ठेवा.

खाते बदलल्याचा मेल, तोही मोठी रक्कम सुटण्याच्या नेमक्या वेळी आणि सुट्टीची घाई लावून आलेला, ही आयातदारांना लुबाडण्याची फार रुळलेली रीत आहे. आपण आणि कारखाना यांच्यात महिनोन्महिने पत्रव्यवहार चाललेला असतो. त्या दोन मेलपेट्यांपैकी एकीत, बहुधा त्यांच्या विक्री विभागाच्या पण कधी कधी आपल्याकडच्याही, कोणी तरी शिरून गप्प बसलेला असतो. तो लगेच काही करत नाही. किंमत किती, आगाऊ किती गेले, यंत्र कधी तयार होणार, पलीकडची व्यक्ती मेलच्या शेवटी काय लिहिते, हे सगळे तो वाचत राहतो. आणि यंत्र तयार झाल्याचा खरा मेल गेला की त्याच्या पाठोपाठ आपला खोटा मेल सोडतो. म्हणूनच अशा मेलमधला तपशील बिनचूक असतो आणि व्यवहारात मुरलेली माणसेही फसतात.

तो मेल मोबाईलवर न पाहता संगणकावर उघडा, कारण मोबाईलवर पाठवणाऱ्याचे बहुधा नुसते नाव दिसते. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता जूनमधल्या मेलच्या पत्त्याशेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा. कंपनीच्या नावातल्या इंग्रजी एम या अक्षराच्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरे चिकटून बसलेली असू शकतात, एल या अक्षराच्या जागी १ हा आकडा असू शकतो, किंवा शेवटचे डॉट कॉम जाऊन डॉट को झालेले असते. पत्ता तंतोतंत जुनाच निघाला तरी निर्धास्त होऊ नका. खरी मेलपेटीच चोराच्या ताब्यात असेल तर पत्ता खराच असणार. आपल्या मेलच्या सेटिंगमध्ये कोणी परस्पर फॉरवर्डचा नियम लावून ठेवला आहे का हे पाहा, पासवर्ड बदला आणि एजंटांनाही तसे करायला सांगा, कारण प्रत्येक मेलची प्रत त्यांच्याकडे जात असणार.

खातरजमा फोनवरच करायची, आणि फोन नव्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही. जूनच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे सौदा ठरताना आलेल्या कच्च्या बीजकावर, छापलेला कारखान्याचा नंबर लावा, किंवा ज्या माणसाने आपल्याला व्हिडिओवर यंत्र दाखवले होते त्यालाच पुन्हा व्हिडिओ कॉल करा. खाते क्रमांक आपण वाचून दाखवू नका. 'आमची आगाऊ रक्कम कोणत्या बँकेत, कोणत्या क्रमांकाच्या खात्यात आली ते सांगा' असे त्यांना विचारा. मग शांतपणे कळवा की उरलेली रक्कम आम्ही त्याच खात्यात भरू, दुसऱ्या कोणत्याही खात्यात भरणार नाही. प्रामाणिक विक्रेता थोडी कुरकुर करील, पण हे मान्य करील. त्याला पैसे हवे आहेत आणि त्याचे जुने खाते तो बंद करून बसलेला नाही.

चिनी कारखान्यांची हाँगकाँगमध्ये भावंड-कंपनीची खाती असतात आणि त्यात गैर काही नाही, हे मला मान्य आहे. पण मेल खरा निघाला तरी माझा सल्ला बदलत नाही. परदेशी रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. पाठवताना लिहिलेले नाव त्या खात्याच्या नावाशी जुळते की नाही हे सगळीकडच्या बँका तपासतातच असे नाही. शिवाय माल पाठवणारी कंपनी एक आणि पैसे घेणारी दुसरी असेल, तर आपली बँक त्याला त्रयस्थ पक्षाला केलेले पेमेंट समजते आणि त्याचा उल्लेख बीजकावर व बिल ऑफ एन्ट्रीवर (सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या आयातीच्या कागदावर) मागते. तो नसेल तर माल आल्यावरही आपली नोंद अडकून राहील. आणि उद्या भांडण झालेच, तर ज्या कंपनीशी आपला करार आहे ती सहज म्हणेल की पैसे आम्हाला मिळालेच नाहीत.

आता एजंटांच्या सूचनेविषयी. ती ऐकून मला काळजी वाटली, आणि ती केवळ कायद्यापुरती नाही. आपण बँकेतून ११,४०० डॉलर पाठवलेच आहेत. २०,००० डॉलरचे बीजक केले तर बँकेतून आणखी ८,६०० जातील आणि १८,००० डॉलर, म्हणजे जवळजवळ निम्मे यंत्र, कोणत्याही पावतीशिवाय परक्या हातांतून जाईल. ते पोहोचले नाहीत तर कोणत्या बँकेला, कोणत्या पोलिसांना आपण काय दाखवणार? यंत्र सदोष निघाले तर भरपाईचा दावा २०,००० च्या पुढे जाणार नाही, विम्याचाही नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार किंमत कमी दाखवलेला माल जप्त होऊ शकतो, आणि परकीय चलनाविषयीच्या फेमा कायद्याखाली गैरमार्गाने पाठवलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. एवढे करून वाचते काय? आयातीवर भरलेला आयजीएसटी नोंदणीकृत व्यावसायिकाला क्रेडिट म्हणून परत धरता येतो, त्यामुळे तिथे बचत अशी नाहीच; खरी बचत मूळ सीमाशुल्क आणि त्यावरचा अधिभार एवढ्याचीच, आणि तेवढ्यासाठी अर्धी रक्कम उघड्यावर टाकायची. आपल्या सीमाभागात एक पाय निपाणीत आणि एक कोल्हापुरात ठेवून व्यापार करण्याची सवय जुनी आहे, तोंडी शब्दावर लाखोंचे व्यवहार होतात आणि ते पाळलेही जातात. पण तो विश्वास माणसे एकमेकांच्या गावची असतात म्हणून टिकतो. वेन्झोऊच्या कारखान्याला आपल्या गावची लाज नाही.

याच ओघात एक तपासून घ्या. आयात कोणाच्या आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीच्या नोंदणी क्रमांकावर होणार आहे? काही एजंट आपल्याच क्रमांकावर माल सोडवून मग ग्राहकाला विकतात. तसे असेल तर परदेशी विक्रेत्याच्या लेखी खरेदीदार एजंट ठरतो आणि आपण कोणीच नाही. प्रोफॉर्मा, बँकेचा अर्ज, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) आणि बिल ऑफ एन्ट्री या चारही कागदांवर आपल्याच फर्मचे नाव हवे.

खाते ठरले, बीजक पूर्ण रकमेचे ठरले. तरी २६,६०० डॉलर लगेच सोडायचे नाहीत. आपल्या हातात या क्षणी जे काही बळ आहे ते या रकमेतच आहे, आणि ती गेली की त्यानंतर फक्त विनंत्या उरतात. जेवढा पुरावा हाती येईल तेवढीच रक्कम हातून सुटावी, हे सूत्र धरून पुढचे वाचा.

फोटो हा पुरावा नव्हे. ज्या यंत्राचा फोटो आला ते आपले आहे की कारखान्यात उभे असलेले दुसऱ्या कोणाचे, हे फोटोवरून कळत नाही. म्हणून उरलेली रक्कम भरण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्या. एसजीएस, ब्यूरो व्हेरितास, इंटरटेक, ट्युव यांसारख्या संस्थांची कार्यालये चीनमध्ये आहेत. त्या माणूस-दिवसाच्या हिशेबाने आकार घेतात आणि एका यंत्रासाठी बहुधा एक दिवस पुरतो. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि या सगळ्या व्यवहारात डोळे झाकून करावा असा माझ्या मते हा एकच खर्च आहे. एजंटांचा ओळखीचा माणूस जाऊन पाहील असे कोणी म्हटले तर नम्रपणे नाही म्हणा, कारण ज्याचे कमिशन व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून आहे त्याने तपासणी करू नये.

निरीक्षकाला काय तपासायचे याची यादी आपण द्यायची असते. ती दिली नाही तर तो रंग, पत्रा आणि खोकी मोजून परत येतो. यंत्रावरची नेमप्लेट आणि अनुक्रमांक यांचा जवळून घेतलेला फोटो मागा आणि तोच अनुक्रमांक बीजकावर लिहायला लावा. प्रोफॉर्मात ज्या कंपनीची सर्व्हो मोटर आणि ज्या कंपनीचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) लिहिला आहे, तेच पॅनेलमध्ये बसवले आहेत का, हे पॅनेल उघडून पाहायला सांगा. दिसायला सारखे पण स्वस्तातले भाग बसतात ते इथेच. चीनमध्ये तीन फेज वीज ३८० व्होल्टची असते आणि आपल्याकडे ती ४१५ धरली जाते, म्हणून यंत्र कोणत्या व्होल्टेजसाठी बांधले आहे हे मोटरच्या पट्टीवर वाचून घ्यावे. मग यंत्र चालवून पाहायचे, आणि तेही पाच मिनिटे नव्हे तर निदान दोन तास, आपण निपाणीत जितक्या ग्रॅमचा क्राफ्ट कागद वापरणार तितक्याच ग्रॅमच्या कागदावर. मिनिटाला इतक्या पिशव्या असा जो वेग कबूल केला आहे तो बारीक कागदावर मिळतो आणि जाड कागदावर निम्म्यावर येतो, असे घडते. दोन तासांतल्या एकूण पिशव्या, त्यातल्या फाटलेल्या किंवा तळाला डिंक न लागलेल्या पिशव्या, आणि एका मापावरून दुसऱ्या मापावर जायला लागलेला वेळ या तीन नोंदी अहवालात आल्या की यंत्र कसे आहे ते आपल्याला निपाणीत बसून कळेल. कारखाना तपासणीलाच नकार देत असेल, तर पैसे न पाठवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

तपासणी उत्तम निघाली असे धरू. आपला करार माल निघण्यापूर्वी ७० टक्के असा झालेला आहे आणि आपण त्यावर सही केली आहे, त्यामुळे एकतर्फी तो मोडता येणार नाही; पण एक बदल मागता येतो आणि तो पुष्कळ विक्रेते मान्य करतात. माल जहाजावर चढल्यावर बिल ऑफ लेडिंगची प्रत मेलवर यावी, त्यानंतर आपण रक्कम पाठवावी, आणि रक्कम मिळाल्यावर त्यांनी मूळ बिल ऑफ लेडिंग कुरियरने पाठवावे किंवा टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सोडण्याची सूचना, द्यावा. मूळ कागद त्यांच्याकडे असेपर्यंत माल आपल्याला सोडवता येत नाही, म्हणून त्यांचाही धोका झाकला जातो, आणि माल खरोखर निघाला हे आपल्यालाही कळते.

विक्रेता यालाही कचरत असेल तर त्यामागची त्याची भीती समजून घ्या, म्हणजे बोलणी सोपी होतील. भारतीय बंदरात आलेला माल खरेदीदाराने नाकारला, तर त्याच्या ना-हरकत पत्राशिवाय तो परत नेणे किंवा दुसऱ्याला विकणे विक्रेत्याला अतिशय जड जाते, आणि मध्यंतरी बंदराचे भाडे चढत राहते. काही भारतीय खरेदीदारांनी याचाच फायदा घेऊन न्हावा-शेव्याला माल अडकवून किंमत पाडून मागितलेली आहे, आणि त्याची किंमत आपल्यासारख्या सरळ माणसाला मोजावी लागते. अशा वेळी मधला मार्ग सुचवा: तपासणीचा अहवाल चांगला येताच ४० टक्के आणि बिल ऑफ लेडिंगच्या प्रतीवर ३० टक्के.

प्रत आली की ती खरी आहे का हे पाहणे कठीण नाही. कंटेनरचा क्रमांक चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असा असतो, त्यातले चौथे अक्षर सर्वसाधारणपणे यू असते. तो क्रमांक जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कंटेनर कोणत्या दिवशी कोणत्या जहाजावर चढला आणि कुठे उतरणार आहे ते दिसते. हाच क्रमांक आणि सीलचा क्रमांक निरीक्षकाने माल भरताना काढलेल्या फोटोंत असला पाहिजे. सुट्या खोक्यांतून दुसऱ्यांच्या मालाबरोबर येणार असेल तर तसे कागदावर लिहिलेले हवे. आपली अट एफओबी असल्यामुळे जहाजाची व्यवस्था आपण करायची आहे. ती विक्रेत्याच्या ओळखीच्या फॉरवर्डरवर, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्यावर, सोपवू नका. मुंबईचा किंवा बेळगावहून काम पाहणारा, निंगबोत प्रतिनिधी असलेला फॉरवर्डर आपण नेमलात, तर माल गोदामात आला की नाही हे सांगणारा आपला माणूस तिथे असतो. सागरी विमाही या अटीत आपणच उतरवायचा. तो 'सर्व जोखीम' प्रकारचा आणि निपाणीच्या शेडपर्यंतचा घ्या, न्हावा-शेव्यापुरता नव्हे. मात्र विक्रेत्याने फसवले तर विमा भरपाई देत नाही.

मामांच्या एल.सी.विषयी आता लिहितो, कारण त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे, पण अर्धेच आहे. एल.सी.मध्ये आपली बँक विक्रेत्याला हमी देते की ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत आली तर रक्कम दिली जाईल. सगळा भर 'कागदपत्रे' या शब्दावर आहे. जगभरच्या बँका यासाठी जे नियम पाळतात ते यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू असलेले. त्यांच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. कागद आल्यावर बँकेला ते तपासायला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात, आणि कागद बिनचूक असले तर खोक्यात यंत्राऐवजी भंगार असले तरी तिला पैसे द्यावे लागतात. म्हणून एल.सी. हे संरक्षण किती चांगले, हे तिच्यात कोणते कागद मागितले आहेत यावर ठरते. नामांकित तपासणी संस्थेचे, संस्थेचे नाव आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेले प्रमाणपत्र त्यात मागितलेले असेल तरच ती आपल्या उपयोगाची. विक्रेत्याने स्वतःच दिलेले तपासणी प्रमाणपत्र चालेल असे लिहिलेत, तर सगळा खर्च वाया गेला म्हणून समजा. उघडलेली एल.सी. विक्रेत्याच्या संमतीशिवाय बदलता किंवा रद्द करता येत नाही, हेही सही करण्यापूर्वीच लक्षात असू द्या.

या यंत्रासाठी मी एल.सी. सुचवत नाही. करार झालेला आहे, आगाऊ रक्कम गेलेली आहे, आणि २६,६०० डॉलरसाठी दोन्हीकडच्या बँकांचे आकार, मार्जिन म्हणून अडकून पडणारी रक्कम आणि लागणारे आठवडे परवडणार नाहीत. लहान रकमेची एल.सी. बरेच कारखाने घेतही नाहीत. छपाईच्या यंत्राची किंमत याच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर मात्र बोलणी सुरू करतानाच एल.सी.ची अट घाला. त्यासाठी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत आपली मर्यादा आधीच मंजूर करून घ्यावी लागेल. आपल्या भागात व्यापाऱ्यांची खाती पतसंस्थांत आणि छोट्या सहकारी बँकांत असतात, त्यांना स्वतः परदेशी पेमेंट किंवा एल.सी. करता येत नाही. बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या शाखेत चालू खाते उघडून वर्षभर उलाढाल दाखवलीत, तर वेळेवर धावपळ होणार नाही. एल.सी. आणि थेट पेमेंट यांच्यामध्ये डी.पी. नावाचा एक मार्ग आहे, ज्यात विक्रेता मूळ कागद त्याच्या बँकेमार्फत आपल्या बँकेकडे पाठवतो आणि आपण पैसे भरले की ते आपल्या हाती पडतात. तो स्वस्त आहे, पण वर सांगितलेल्या भीतीमुळे नव्या ओळखीत विक्रेते त्याला सहसा तयार होत नाहीत.

पुढच्या कराराच्या वेळी माल निघेपर्यंत आगाऊ रकमेसह ९० टक्के रक्कम आणि यंत्र आपल्या शेडमध्ये चालू झाल्यावर उरलेली १० टक्के, अशी अट घालून पाहा. आगाऊ रक्कम मोठी असेल तर तेवढ्या रकमेची बँक हमी मागता येते. चांगले कारखाने ती देतात आणि तिचा खर्च किमतीत धरतात. काही यंत्रांच्या पीएलसीमध्ये मुदतीचे कुलूप असते, ठरावीक दिवसांनी यंत्र आपोआप थांबते आणि पासवर्ड विक्रेत्याकडेच असतो. या यंत्रात तसे काही आहे का हे निरीक्षकाला विचारायला लावा आणि शेवटचा हप्ता देताना पासवर्ड व प्रोग्रॅमची प्रत लेखी मागून घ्या.

नवा विक्रेता निवडताना त्याच्या व्यवसाय परवान्याची प्रत मागा. तिच्यावर १८ अक्षर-आकड्यांचा एकीकृत सामाजिक पत क्रमांक असतो, आणि चीनच्या बाजार नियमन प्रशासनाच्या राष्ट्रीय उद्योग माहिती प्रणालीत तो टाकून कंपनी कधी स्थापन झाली, तिचा पत्ता काय आणि तिच्या व्यवसायात उत्पादन लिहिले आहे की नुसता व्यापार, हे पाहता येते. कंपनीचे कायदेशीर नाव चिनीतले असते, म्हणून करारावर, शिक्क्यात आणि बँक खात्यात तेच नाव हवे. यंत्र एखाद्या व्यापार-संकेतस्थळावरून घेत असाल आणि ते हमी देत असेल, तर पैसे त्याच संकेतस्थळाच्या मार्गाने भरल्यासच ती हमी लागू होते. 'बाहेरून भरा, दोन टक्के कमी करतो' हे आमिष कटाक्षाने नाकारा. निर्यातदारांना विमा देणारी ईसीजीसी आयातदाराच्या आगाऊ रकमेला संरक्षण देत नाही; हा प्रश्न अनेक जण विचारतात म्हणून सांगतो. करारात लवादाची अटही असावी, सिंगापूर किंवा हाँगकाँगच्या लवादाची. बेळगावच्या न्यायालयाचा हुकूमनामा चीनमध्ये बजावता येत नाही. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे दोन्ही देशांत बजावता येतो.

ही माहिती वाचेपर्यंत कोणी त्या नव्या खात्यात रक्कम पाठवून बसले असेल, तर तास मोजून काम करावे लागेल. त्याच क्षणी बँकेत जाऊन स्विफ्ट संदेशाची (रक्कम पाठवताना बँकेने परदेशी बँकेला धाडलेल्या संदेशाची) प्रत घ्यावी आणि रक्कम परत मागवण्याचा संदेश समोर उभे राहून पाठवायला लावावा, १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांचे गुन्हे पाहणाऱ्या) पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. रक्कम हाँगकाँगला गेली असेल तर तिथल्या पोलिसांचे फसवणूकविरोधी समन्वय केंद्र खाते गोठवण्यासाठी बँकांशी थेट बोलते. पहिल्या एक-दोन दिवसांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते; आठवड्याने ते पुढच्या चार खात्यांत गेलेले असतात.

यंत्र न्हावा-शेव्याला उतरून सुटल्यावर बिल ऑफ एन्ट्रीची प्रत आपल्या बँकेला देणे राहू देऊ नका. पाठवलेल्या प्रत्येक डॉलरसमोर माल आला की नाही हे रिझर्व्ह बँकेची आयडीपीएमएस ही प्रणाली २०१६ पासून पाहते, आणि जूनचे ११,४०० व आताचे २६,६०० हे दोन्ही हप्ते तिथे त्या एका बिल ऑफ एन्ट्रीशी जुळवून बंद करून घ्यायचे आहेत. ते उघडे राहिले तर छपाईच्या यंत्राची आगाऊ रक्कम पाठवताना बँक आपल्याला अडवील.

आज कारखान्याला फोनवर बोलून झाल्यावर त्यांच्या जुन्या पत्त्यावर, नवी मेल सुरू करून, एवढेच लिहा: 'उरलेली रक्कम आम्ही जूनमधल्याच खात्यात भरू. त्यापूर्वी आमचा निरीक्षक यंत्र तपासायला येईल. सुट्टीच्या आधीची किंवा ८ ऑक्टोबरनंतरची, आपल्याला सोयीची तारीख कळवावी.' त्याची प्रत एजंटांना पाठवू नका. त्यांच्या मेलपेटीचा पासवर्ड बदलल्याचे कळेपर्यंत त्यांच्याशी फोनवरच बोला.